उतारावर लावली की चालू होते

डिझेल गाडी सकाळी चालू होईना की निफाड तालुक्यात पहिला संशय थंडीवर जातो. त्याला कारणही आहे. महाराष्ट्रात थंडीची लाट आली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बातम्यांत झळकतो. चार-पाच अंश हा आकडा तिथं कुणाला नवलाचा वाटत नाही. अशा पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून ठिबकचं पाणी सोडलं जातं, आणि वस्तीवस्तीवरून सेल्फचा आवाज ऐकू येतो. एका डिसेंबरात मी मामांकडे राहायला होते, तेव्हा हा आवाज सगळ्यात जास्त वेळ आमच्याच अंगणातून यायचा.

मामांची गाडी म्हणजे डिझेल इंडिका. टाटांनी १९९८च्या अखेरीस ही गाडी बाजारात आणली आणि २०१८मध्ये तिचं उत्पादन थांबवलं, पण शेतकऱ्यांच्या घरी ती अजून राबते आहे. १४०५ सीसीचं साधं इंजिन. मागची सीट पाडली की औषधांची खोकी, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, रिकामे क्रेट असं काय वाटेल ते मावतं. मामांचा तिच्यावर जीव आहे. त्या हिवाळ्यात मात्र ती रोज सकाळी रडायची. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन काही पकडायचं नाही. बऱ्याच वेळानं एखादा गचका देऊन चालू व्हायची, थोडा वेळ थरथरायची आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. दुपारी बाजारातून निघताना तर किल्ली फिरवली की लगेच चालू.

एका गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलून झाली होती. फरक पडला नाही म्हणून चारही हीटर प्लग नवे टाकले. तरी तेच. शेवटी तिथून निरोप आला की पंप गेलाय, उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल. या खर्चाचा आकडा ऐकून मामा गप्प झाले होते. छाटणीपासून औषधांपर्यंत सगळा पैसा बागेत अडकलेला असतो त्या दिवसांत. अशा वेळी अंदाजानं एकेक भाग बदलत जाणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मग पिंपळगाव बसवंतचे एक मिस्त्री आले. नाशिकला सातपूरच्या बाजूला पंप-नोझलच्या कामात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. नाशिककरांच्या तोंडी अजूनही ‘मायको’च असलेल्या बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल तयार होतात, त्यामुळे या कामातली जाणकार माणसं त्या भागात भेटतात. मिस्त्रींनी आल्या आल्या बॉनेट उघडलं नाही. त्यांनी विचारलं, “नाना, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? कसल्या रंगाचा?”

मामांना सांगता येईना. किल्ली फिरवणारा माणूस पुढे बसलेला असतो, धूर मागे निघतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्रींनी मला गाडीच्या मागे उभं केलं. मामांनी सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, मी सायलेन्सरच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. काहीच नाही. दहा सेकंदांच्या आत मिस्त्रींनी हात वर करून थांबवलं, सेल्फला जरा उसंत दिली आणि पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा काही नाही. शेवटी करड्या धुराचा एक भपका आला आणि इंजिन अडखळत चालू झालं.

“पांढरा धूर आला असता तर मी हीटर बघितले असते,” मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या या एका वाक्यात डिझेल इंजिनाचं अख्खं तत्त्व आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, तेव्हापासून कल्पना तीच आहे: हवा इतकी दाबायची की ती दाबानंच तापते, मग तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा, तो आपोआप पेटतो. इंडिकासारख्या जुन्या इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते आणि चारशे अंशांच्या पुढे तापते. पण या इंजिनात फवारा थेट सिलिंडरमध्ये पडत नाही. शेजारी एक छोटी कोठडी असते, तिच्यात पडतो. गार पडलेल्या इंजिनात त्या कोठडीच्या भिंतीच बरीचशी उष्णता शोषून घेतात. म्हणून तिथं हीटर प्लग बसवलेला असतो, काही सेकंदांत लालबुंद होणारा. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं ते याच्यासाठी. फवारा थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या ट्रॅक्टरला मात्र आपल्याकडच्या थंडीत बहुधा हीटरवाचून भागतं.

आता डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही असं असेल, तर न जळलेलं डिझेल वाफेच्या रूपात पांढरं होऊन बाहेर येतं. तेव्हा दोष हीटरचा, थंडीचा किंवा उतरलेल्या कॉम्प्रेशनचा. आणि इंजिन व्यवस्थित फिरूनही धूरच नसेल, तर डिझेल आत जातच नाही. मामांच्या गाडीचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं, आणि तोवरचा सगळा पैसा पहिल्या प्रकारावर गेला होता.

तरीही मिस्त्रींनी नव्या मालावर आंधळा विश्वास टाकला नाही. बॅटरीला मीटर लावला. गाडी बंद असताना साडेबाराच्या वर आणि सेल्फ फिरताना दहाच्या खाली नाही, म्हणजे उत्तम. मग हीटरवरची पट्टी काढली, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं आणि दुसरं एकेका हीटरच्या डोक्याला टेकवलं. चारही वेळा बल्ब पेटला. किल्ली दिल्यावर पट्टीवर करंट येतोय का, तेही बघून घेतलं. येत होता.

मामांच्या डोक्यात आणखी एक शंका होती, थंडीनं डिझेल घट्ट होतं की काय. ही शंका अगदी अडाणी नाही. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो आणि गारठ्यात त्याचे कण धरू लागतात. भारतीय मानकात हिवाळ्यातल्या डिझेलनं ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवं असं बंधन आहे, उन्हाळ्यातल्या डिझेलसाठी ते १८ अंश आहे. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनं २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं. पण मिस्त्रींनी बांधापलीकडे बोट दाखवलं. त्याच पंपावरचं डिझेल भरलेला शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर केव्हाचा चालू होऊन बागेत फवारणी करत होता.

“रात्री गाडी कुठं लावता?” मिस्त्रींनी विचारलं.

मामा सांगू लागले की शेडमध्ये, तोंड घराकडे करून. तेवढ्यात ओट्यावरून मामी म्हणाल्या, “पण ओहोळाकडं तोंड करून लावली की सकाळी बरी चालू होते. मी कितींदा सांगितलं यांना. फक्त तेव्हा डिझेलचा वास येतो.”

मिस्त्री चटकन वळले. “काकू, हे आधी कुणाला सांगितलं होतं का?”

मामींना कुणी विचारलंच नव्हतं.

मामांचं अंगण घराकडून ओहोळाकडे चांगलं उतरतं आहे. तोंड घराकडे केलं की इंजिन वर आणि मागची टाकी खाली. ओहोळाकडे केलं की उलट. टाकीपासून फिल्टर, फिल्टरपासून पंप असा डिझेलचा रस्ता असतो, आणि टाकीपासूनचं डिझेल पंप स्वतः ओढून घेतो. या रस्त्यात कुठं बारीक फट असेल, तर इंजिन चालू असताना तिथून डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणूनच असा दोष जमिनीवरच्या डागावरून सापडत नाही. रात्री गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरते आणि पाइपमधलं डिझेल उतारानं टाकीत परत जातं. सकाळी पंपाला मिळते हवा. नोझल उघडायला शंभराहून जास्त बारचा दाब लागतो. हवा नुसती दबत राहते, तेवढा दाब बनूच देत नाही. गाडी ओहोळाकडे तोंड करून असेल तर टाकी उंचावर, पाइप भरलेला, गाडी चालू. पण मग त्याच फटीतून डिझेल थोडं बाहेर पाझरतं. मामींना येणारा वास तो.

खात्री करून घ्यायची मिस्त्रींची पद्धत मला फार आवडली. त्यांनी पंपाच्या अलीकडचा रबरी पाइप काढून तिथं आरपार दिसणाऱ्या नळीचा वीतभर तुकडा जोडला, क्लिपा आवळल्या आणि गाडी मुद्दाम घराकडे तोंड करून लावायला सांगितली. सकाळी टॉर्चच्या उजेडात बघितलं तर नळी जवळजवळ रिकामी. तळाशी पिवळसर डिझेलची एक बारीक रेघ तेवढी होती. मिस्त्रींनी फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबायला घेतला. सुरुवातीला तो पोकळ लागत होता, मग नळीतून फेस सरकू लागला, मागून बुडबुडे, आणि हळूहळू सलग डिझेल. हातपंप कडक झाल्यावर ते म्हणाले, “मारा सेल्फ.” इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. बॅटरी, हीटर, कॉम्प्रेशन आणि मोठ्या खर्चाचा तो पंप, सगळे त्या क्षणी निर्दोष ठरले.

चालू इंजिनावर नळीत बारीक बुडबुडे येतच होते. मिस्त्रींनी टाकीकडून येणारा पाइप फिल्टरच्या आधीच काढला आणि तिथं डिझेलच्या कॅनमधून आलेली नळी जोडून बघितली. बुडबुडे तसेच. म्हणजे मागचा सगळा रस्ता ठीक, दोष फिल्टरपाशी. फिल्टर खोलला तेव्हा वरची रबरी रिंग दिसली. फिल्टर बदलताना जुनीच परत बसवलेली असावी. ती कडक झाली होती, एका जागी चेपून अर्धी तुटली होती. नवी रिंग काही रुपयांची. ती डिझेलनं ओली करून बसवली, फिल्टरच्या तळातलं पाणीही काढून टाकलं.

आधीच्या दिवसांत गावातल्या कुणीतरी मामांना हवेच्या फिल्टरपाशी मारायचा स्टार्टिंग स्प्रे सुचवला होता. मिस्त्री त्या एका गोष्टीवर चिडले. त्या स्प्रेत ईथर असतं आणि ते डिझेलपेक्षा कितीतरी आधी पेटतं. आत हीटर लाल झालेला असताना ते ओढलं गेलं तर पिस्टन वर यायच्या आतच भडका उडतो, रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जाऊ शकतो. उतारावर ढकलून चालू करणंही जुन्या टायमिंग बेल्टच्या गाडीला धोक्याचं: झटक्यानं बेल्टचा दात सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. हवा ओढत गाडी तशीच महिनोन् महिने चालवणंही बरं नाही, कारण अशा पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं.

मिस्त्रींना सोडायला मी त्यांच्या गॅरेजपर्यंत गेले. तिथं एक डिझेल स्विफ्ट उभी होती, १२४८ सीसीची. मारुतीनं एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बनवणं बंद केलं, तरी रस्त्यावर त्या भरपूर आहेत. या गाडीचं दुखणं मामांच्या गाडीच्या नेमकं उलटं: सकाळी गार असताना लगेच चालू, लांबून आल्यावर गरम असताना मात्र होत नाही. हे कॉमन रेल इंजिन. हे तंत्र फियाटनं विकसित केलं, बॉशनं उत्पादनाला आणलं आणि १९९७च्या अल्फा रोमिओ १५६मध्ये ते मोटारीत पहिल्यांदा आलं. इथं सगळे इंजेक्टर एकाच रेलवर असतात आणि रेलमध्ये दोनेकशे बारचा दाब बनल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. सेल्फ फिरताना स्कॅनरवर तो दाब शंभराच्या आसपासच घुटमळत होता.

प्रश्न पुन्हा तोच होता, डिझेल कुठं जातंय. मिस्त्रींनी चारही इंजेक्टरच्या परतीच्या तोंडांना नळ्या जोडल्या आणि चार सारख्या बाटल्यांत सोडल्या. इंजेक्टर आतून झिजला की डिझेल सिलिंडरमध्ये जाण्याऐवजी परतीच्या वाटेनं निसटतं, आणि गरम डिझेल पातळ असल्यामुळे जास्तच निसटतं. तीन बाटल्यांच्या तळाला थोडं थोडं डिझेल जमलं. तिसऱ्या सिलिंडरची बाटली निम्म्याच्या वर गेली.

गाडीमालक शेजारीच उभे होते. त्यांना दुसरीकडून चारही इंजेक्टर नवे टाकायचा सल्ला मिळाला होता. मिस्त्रींनी त्यांना बाटल्या दाखवल्या, तिसरा इंजेक्टर काढून कापडात गुंडाळला आणि नाशिकला तपासणीच्या बेंचवर पाठवायला बाजूला ठेवला. बाकीच्या तिघांना त्यांनी हात लावला नाही.