देवदूतालाहि न मिळालेली जागा

ऑर्गन म्हटला, कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें गंधर्व नाटक मंडळीच्या साथीचें, पायांनीं भाता हलवावयाचें तें वाद्य उभें राहतें. आमचीहि समजूत पुष्कळ वर्षें तेवढ्यावरच थांबली होती. परंतु त्या वाद्यांत पितळेच्या बारीक जिभा थरथरून सूर निघतो. चर्चमधील थोरल्या ऑर्गनांत बहुतेक नळ्या बांसरीप्रमाणें वाऱ्यानें बोलतात. नांव एक, घराणें निराळें.

दोन वर्षांपूर्वीं हँबुर्ग येथें जाण्याचा योग आला, तेव्हां तेथील सेंट याकोबी या प्रॉटेस्टंट चर्चमध्यें आम्ही तासभर बसून राहिलों. माडीवर कोणी वादक सराव करीत होता. खर्जांतला सूर लागला, कीं तो कानाच्या आधीं बसल्या बांकाला लागे.

हें वाद्य आर्प श्निट्गर या कारागिरानें १६८९ ते १६९३ या काळांत बांधलें. चार हस्तपट, पायांनीं वाजवावयाचा एक पट, ६० स्वरगट आणि सुमारें ४००० नळ्या असा त्याचा पसारा. आधींच्या ऑर्गनांतील चांगल्या नळ्या त्यानें मोडींत न काढतां नव्यांत बसविल्या. थोर कारागीर काटकसरीहि असतो, हें पाहून आम्हांस बरें वाटलें. १९१७ सालीं दर्शनी नळ्या युद्धासाठीं काढून नेण्यांत आल्या. दुसऱ्या महायुद्धांत उरलेल्या नळ्या सुरक्षित जागीं हलविल्या होत्या, म्हणून वांचल्या. १९४४ च्या बाँबवर्षावांत चर्च जळालें, आणि वाद्याचा लांकडी सांगाडा त्यांत गेला. युर्गेन आरेंट यांनीं १९९३ मध्यें त्याचा जीर्णोद्धार पुरा केला.

परंतु आमचें मन गुंतलें तें १७२० सालाशीं. त्या वर्षीं येथील वादकाची जागा रिकामी झाली. उमेदवारांत योहान सेबास्टियन बाख होता. वय ३५, नुकताच विधुर झालेला, क्योथेनच्या राजपुत्राच्या पदरीं चाकरीस. शहरांतल्याच सेंट कॅथरिनच्या चर्चमध्यें त्यानें वृद्ध राइंकनपुढें दोन तासांहून अधिक वादन केलें, व लुप्त झाली असें वाटणारी कला जिवंत पाहिल्याचें समाधान त्या वृद्ध उस्तादानें बोलून दाखविलें. परीक्षेच्या दिवसापूर्वींच मात्र बाखला धन्याकडे परतावें लागलें. समितीनें त्याच्या पत्राची वाट पाहिली. तें १९ डिसेंबरला वाचलें गेलें, आणि त्याच दिवशीं योहान योआखिम हाइटमान याची निवड झाली. पुढच्या जानेवारींत हाइटमाननें चर्चच्या तिजोरींत ४००० मार्क भरले. नळीमागें एक मार्क! मौज अशी, कीं समितीचें धोरण आधींच ठरलेलें होतें: जागा विकावयाची नाहीं, परंतु निवडीनंतर कोणी कृतज्ञतेनें कांहीं दिलें, तर तें नाकारूंहि नये.

तेथील धर्मोपदेशक एर्डमान नॉयमाइस्टर यांना हें खपलें नाहीं. बेथलेहेमचा देवदूत जरी येथें उत्तम वाजवूं लागला, तरी खिशांत पैसा नसल्यास त्याला उडून परत जावें लागेल, अशा आशयाचें त्यांनीं नाताळच्या प्रवचनांत सुनावलें. मॅथेसननें १७२८ सालीं ही हकीकत छापली.

समितीचें तें धोरण आमच्या ओळखीचें निघालें. कांहीं वर्षांपूर्वीं एका शिक्षणसंस्थेच्या निवडसमितीवर आम्ही बसलों होतों. उमेदवारांत एक तरुण असा होता, कीं त्याचें व्याख्यान ऐकतां ऐकतां आम्हीच टिपणें घेऊं लागलों. निवड दुसऱ्याची झाली. त्याच्या घरून इमारतनिधीस 'स्वेच्छेनें' मोठी देणगी यावयाची होती. चिटणिसांनीं कागद पुढें सरकविला. आम्हीं सही केली, चहा घेतला, आणि घरीं येऊन, मुलांना निदान चांगले वर्ग तरी मिळतील, असें पत्नीला सांगितलें. तिनें कांहींच विचारलें नव्हतें.

नॉयमाइस्टरांना बोलावयास व्यासपीठ होतें, असें म्हणून आम्ही कधीं कधीं सुटूं पाहतों. परंतु त्या खोलींत आम्ही पांचच जण होतों. तेथें व्यासपीठाची जरूर नव्हती.

इमारत झाली, वर्ग खरोखरच हवेशीर आहेत. त्या दिवसाचीं टिपणें आमच्या टेबलाच्या खणांत आहेत. त्यांतले दोन मुद्दे आम्ही दर वर्षीं वर्गांत सांगतों, आणि ते कोणाचे, हें सांगावयाचें राहून जातें.