मी घ्यायला लावलेले दोन कोर्स

तीन वर्षं होत आली, तरी ३.४ हा आकडा कुठे दिसला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. लेकीच्या कॉलेजातल्या प्री-मेड कमिटीनं आखलेली ती रेघ. विज्ञानाच्या विषयांचा जीपीए त्याखाली गेला, तर कमिटी शिफारसपत्र लिहीत नाही. लेकीचा होता ३.३६.

मी मूळची सांगलीची, बारावी १९९३ची. तेव्हा सीईटी नव्हती, बोर्डाचे मार्क हेच सगळं. मेडिकल थोडक्यात हुकलं, मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं, लग्न होऊन न्यू जर्सीत आले. लेक इथलीच. डॉक्टर व्हायचंय हे तिचं ती म्हणाली, मी तिच्या डोक्यात भरवलेलं नाही. हे मला सांगावंसं वाटतं.

इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल. प्री-मेड हे कुठल्या विषयाचं नाव नाही. पदवी कशातही घ्या. बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री असे ठरावीक कोर्स झालेले हवेत आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा चांगली जायला हवी. लेकीला मेजर म्हणून इतिहास हवा होता. मी ऐकूनच घेतलं नाही. जिनं एकेका मार्कासाठी रात्री काढल्या, तिला ‘कुठलाही विषय चालतो’ हे वाक्य पटतच नाही. चार दिवस घरात अबोला होता. शेवटी तिनं बायोलॉजी घेतली.

दोन वर्षांत तिनं मेजरसाठी म्हणून सेल बायोलॉजी आणि जेनेटिक्स केलं. एकात बी-मायनस, दुसऱ्यात सी-प्लस. मग तिसऱ्या वर्षी मला न विचारता ती इतिहासाकडे गेली आणि तिथे तिला ए मिळू लागले. पण अर्जात विज्ञानाचा जीपीए वेगळा काढतात. त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित धरतात, इतिहासाचे ए धरत नाहीत. कमिटीचा नकार आला त्या रात्री मी एक्सेल उघडून बसले. ४८ क्रेडिटचे ३.३६. ते दोन कोर्स, म्हणजे आठ क्रेडिट, काढून टाकले तर ४० क्रेडिटचे ३.५३. मी तीनदा मांडून पाहिलं. तिनं अर्ज करायच्या एकाही मेडिकल स्कूलनं ते दोन कोर्स मागितलेले नव्हते. मागितले होते मी.

तरीही कमिटीवरचा माझा राग कमी होत नाही. पहिल्या वर्षी पालकांसमोर ‘आवडेल ते शिका’ म्हणणाऱ्या ॲडव्हायझर बाईच लेकीला म्हणाल्या, ‘यंदा अर्ज करू नकोस, आम्ही पत्र देणार नाही.’ ही रेघ त्यांनी आधी कधी सांगितली नव्हती. आणि हेच कॉलेज नव्या पालकांना सांगतं की आमच्या इतक्या टक्के मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो. मिळणारच! ज्यांची खात्री नाही त्यांना दारातच अडवायचं आणि उरलेल्यांची टक्केवारी काढायची. कॉलेज निवडताना मेजरच्या आधी हे विचारा: तुमची कमिटी कुणाला पत्र नाकारते, आणि ती मुलं तुमच्या टक्केवारीत मोजता का? आम्ही वसतिगृहाच्या खोल्या बघत फिरलो, हे विचारलं नाही.

अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी मेजरनुसार आकडे छापते. साहित्य-इतिहासवाल्या अर्जदारांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण बायोलॉजीवाल्यांपेक्षा कमी नाही. हा तक्ता मी सगळं होऊन गेल्यावर पाहिला.

शेवटच्या वर्षी लेकीनं प्रबंधाला १८९६ची मुंबईतली प्लेगची साथ घेतली. जुनं मराठी तिला झेपेना, म्हणून रविवारी फोनवर मी तिला पानं वाचून दाखवायची. घरोघरच्या झडत्या, माणसं रोग्यांना लपवून का ठेवत होती, हाफकिननी जानेवारी १८९७मध्ये लस आधी स्वतःला टोचून घेतली ते, पुण्यात रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई फुले. ‘डॉक्टर आला की लोक मागच्या दारानं का पळायचे, हे मला कळायला हवं,’ ती म्हणाली. मला वाचता वाचता थांबावं लागलं.

पदवीनंतर तिनं प्राध्यापकांची सुटी पत्रं जोडून अर्ज केला. कमिटीचं पत्र का नाही, याचा खुलासा बऱ्याच मेडिकल स्कूलनी मागितला. तिनं मला तो मसुदा दाखवला. दोन कोर्सचा उल्लेख होता, ते कुणी घ्यायला लावले हे नव्हतं. मी म्हटलं, लिही ना. तिनं मान हलवली. त्या वर्षभरात ती ॲम्ब्युलन्सवर ईएमटी म्हणून राबली. प्रवेश एकाच ठिकाणी मिळाला.

ऑगस्टपासून ती तिथे आहे. गेल्या आठवड्यात रात्री फोन आला. हिस्टॉलॉजीच्या स्लाइड बघून इतिहासवाल्यांची दमछाक होतेय म्हणाली, आणि मग, ‘आई, सेल बायोलॉजी केलं होतं म्हणून पहिला महिना तरी निभावला.’

खरंच तसं होतं की माझ्यासाठी म्हणाली, ते मी विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.