मिक्सरची निवड

आमच्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदासाठीं मिक्सर निवडण्याचें काम आम्हांकडे आलें, तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं आम्हीं आवाज मोजले. चार गायक, एक हार्मोनियम, एक तबला व एक डग्गा. मिळून सात मायक्रोफोन झाले. खोक्यावरील आंकड्यास पुष्कळ जण भुलतात. यामाहाच्या ‘एमजी १०’ या यंत्रांत मायक्रोफोन लावण्याच्या जागा चारच असतात. बाकीच्या कीबोर्डसारख्या वाद्यांच्या. ‘एमजी १२’ मध्यें त्या सहा, तर ‘एमजी १६’ मध्यें दहा. तबला व डग्गा यांमध्यें एकच मायक्रोफोन ठेवला, तर सहांत काम भागतें व मोठ्या यंत्राचे पैसेहि वांचतात.

कंडेन्सर मायक्रोफोन वापरावयाचे असल्यास त्यांस ४८ व्होल्ट पुरविण्याची सोय मिक्सरमध्यें आहे कीं नाहीं, तेंहि पाहावें. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनास ती लागत नाहीं.

पालकांच्या वर्गणीचा पैसा जपून खर्चावा, हें खरेंच. परंतु काटकसर कोठें करावी, हें समजलें पाहिजे. कृत्रिम प्रतिध्वनीच्या सोयी गाळाव्या. गायकाची जागा मात्र गाळूं नये. मागल्या रांगेंतील मुलीचा आवाज कितीहि बारीक असो, तिच्या घरचीं माणसें तोच ऐकावयास आलेलीं असतात.