आमचं पान तिथं संपतं

पेण आणि रोहा तालुक्यांत सर्पदंश-विंचूदंशाचा अभ्यास करायचं ठरलं, तेव्हा माझ्या प्रस्तावात ‘सर्व घटकांचा सहभाग’ असं एक झोकदार प्रकरण होतं. प्रत्यक्षात मी काय केलं? अलिबागला जाऊन परवानगीचं पत्र आणलं, दोन्ही तालुक्यांना त्याच्या प्रती दिल्या आणि एका मासिक सभेत जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी बोललो. कुणी प्रश्न विचारला नाही. मी त्याला संमती समजलो. भूक होती ती.

फॉर्म मुंबईत बसून केला होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसे असे चार चौकोन, खाली दंशाची वेळ, प्रतिविष किती दिलं, शेवटी काय झालं. लावणी सुरू झाली, फॉर्म भरून येऊ लागले आणि बहुतेकांवर एकच शेरा: ‘अननोन बाइट’. मी त्याला आळस म्हटलं. संध्याकाळी बांधावरून येताना पायाला काही झोंबलं की माणूस घराकडे पळतो. कोण चावलं ते बघायला थांबतो कोण? उपकेंद्रातल्या कुणीही मला हे उभ्या उभ्या सांगितलं असतं.

खरी चूक पुढची. मसुदा तयार होताना मी उपकेंद्रवार तक्ता केला, कुणाच्या नोंदी किती अपुऱ्या याचा. ‘अंतिम परिणाम’ हा रकाना सगळ्यांत रिकामा होता. तक्त्यात गावांची नावं होती, म्हणजे सिस्टरांचीच होती. गावावरून सिस्टर कोण ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक. तो तक्ता मी वर पाठवला. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी दाखवावा, हे सुचलंच नाही असं म्हणणार नाही. सुचलं होतं. पण मुदत जवळ आली होती आणि वाद नको होता.

थोड्याच दिवसांत ‘कारणे दाखवा’ नोटिसा निघाल्या.

रोह्याकडच्या एका उपकेंद्रात गेलो तर सिस्टरांनी पाणी दिलं, रजिस्टर उघडून समोर ठेवलं. ‘‘सर, पेशंट गाडीत बसला की आमचं पान तिथं संपतं. इथून रोहा, तिथून अलिबाग. पुढं तो जगला का वारला, ते आम्हाला गावात गेल्यावर कळतं. ते लिहायला तुमच्या फॉर्मात जागा कुठंय?’’

मग त्यांनी तोंडपाठ सांगितलं. कोण वाटेतच गेलं, कोण आधी खाजगी डॉक्टरकडे इंजेक्शन घेऊन बसलं, कातकरीवाडीतलं कुठलं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेल्यामुळे आमच्या माणसांना सापडलंच नाही. मला हवा होता तो सगळा अभ्यास त्यांच्या डोक्यात होता आणि मी त्यांना नोटीस मिळवून दिली होती.

मृत्यूंचं प्रकरण अहवालातून काढावं लागलं. पुन्हा माहिती गोळा करायला गेलो तेव्हा आशाताई म्हणायच्या, सिस्टरांना विचारा. सिस्टर म्हणायच्या, साहेबांना विचारा. साहेब मला विचारायचे.

गंमत अशी की प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर मी डॉ. हिंमतराव बावसकरांचं नाव मोठ्या अभिमानाने घातलं होतं. याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते १९७६ मध्ये रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसं त्यांनी खाटेशी बसून पाहिली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने हे मृत्यू टाळता येतात, हे ‘लॅन्सेट’मधून जगाला सांगितलं. प्रश्न पडला तो रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाला. मी त्यांच्याकडून फक्त संदर्भ उचलला.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. त्याच वर्षी दंशाच्या नोंदी सक्तीच्या करा, असं राज्यांना कळवण्यात आलं. म्हणजे नवे फॉर्म येणार, नवे रकाने येणार. ते आखणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर छपाईला देण्याआधी उपकेंद्रात एक चक्कर मारा. दुपारी तीननंतर जा. सकाळी सिस्टरांना मान वर करायला फुरसत नसते.