आधी दिवा लावा

माझ्या सासुरवाडीत, म्हणजे वाईला, महाबळेश्वराला नुसते ‘वर’ म्हणतात. ‘वर थंडी किती?’, ‘वरून कधी उतरलात?’ असा सारा व्यवहार. गेल्या जानेवारीत अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. वय ८१. याआधी दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा अण्णा दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरले. या खेपेस त्यांनी दोन अटी घातल्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या गोमुखातले पाणी आदल्या दिवशी आणायचे, आणि आत नेतील तेव्हा लेक शेजारी हवी. दवाखान्याने सकाळी नऊची वेळ दिली होती.

आम्ही पुण्याहून मोटरसायकलने निघालो. गाडी २०१६ सालची, चारशे सीसीची, एकसिलिंडरी. तिला किक नाही. बटण दाबले की चालू, नाही तर नाही. निघण्यापूर्वी आठच दिवस मी तिला नवी लिथियमची बॅटरी बसवून घेतली होती. जुनी शिशाची बॅटरी तीन किलोंहून जड. ही जेमतेम एक किलो. हातात घेतली तेव्हा खोके रिकामेच दिले की काय असे वाटले. मी घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितले, “गाडीचे दोन किलो वजन उतरवले!” ही माझ्या पोटाकडे पाहत म्हणाली, “एवढ्यासाठी पैसे खर्च केलेत? दोन किलो फुकटातही उतरले असते.”

नाना पेठेतल्या कारागिराने काम मात्र मन लावून केले. आधी त्याने गाडी चालू करून मीटर लावला. इंजिन मंद असताना आणि वाढवल्यावर असे दोन्ही आकडे पाहिले. “चौदा-साडेचौदा व्होल्ट ठीक आहे, सर. पंधराच्या वर जात असता तर ही बॅटरी मी बसवलीच नसती.” मग सीट उघडून आधी काळी तार सोडवली, नंतर लाल, बसवताना उलट, आधी लाल. काळी जोडलेली असताना लाल तारेवरचा पाना चुकून सांगाड्याला लागला तर ठिणग्यांची आतषबाजी होते, हे त्याने मला शिकवणीच्या सुरात सांगितले. नवी बॅटरी चणीने लहान. जुन्या जागेत ती खुळखुळू नये म्हणून भोवती फोमचे तुकडे कोंबले. जुना चार्जर हिला लावू नका, आणि खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका, असेही बजावले. तो आकडा शिशाच्या बॅटरीशी बरोबरी दाखवण्यापुरता. खरी साठवण त्याहून बरीच कमी, तेव्हा गाडी महिनाभर तशीच उभी ठेवू नये. शेवटी म्हणाला, “आणि थंडीत आधी दिवा लावा. मग बटण.” मी मान डोलावली. माझे विद्यार्थी डोलावतात तशी.

शिशाची बॅटरी १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने केली. आपल्या पणजोबांच्याही आधीची. आमच्या नव्या बॅटरीतले लिथियम-लोह-फॉस्फेट पुढे आले ते १९९७ साली, टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून. त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या आधी पाढी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. गुडइनफना लिथियम बॅटरीवरील कामासाठी २०१९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळाले. खंबाटकी चढताना हे मी मागे ओरडून सांगत होतो. “अण्णांना सांगा,” मागून उत्तर आले, “एक्याऐंशी म्हणजे काहीच नाही म्हणावं.”

सुरूरहून वळून वाई, अण्णांना नमस्कार, आणि लगेच पसरणी घाट. हा घाट मला फार आवडतो. दर वळणाला वाई थोडी लहान होते, आणि धोमच्या धरणाचे पाणी थोडे मोठे. पाचगणी मागे टाकली की हवेला एकदम धार येते. जुन्या महाबळेश्वरात पोचेतो संध्याकाळ झाली होती. पंचगंगेच्या काळ्या दगडी देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचे उगम मानतात. सगळ्यांचे पाणी एका गोमुखातून पडते. हिने बाटली भरली. तेच पाणी पुढे कृष्णा होऊन अण्णांच्या घरामागच्या घाटावरून वाहते. मग बाटलीची यातायात कशाला, असा तर्कशुद्ध प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. हिचा चेहरा पाहून तो तिथेच ठेवला.

देवळातून निघेतो धुके इतके दाटले की घाट उतरायची हिंमत होईना. पाणी फोनवर ‘पोचले’ असे अण्णांना कळवून वेण्णा तलावाजवळ परिचितांच्या घरी मुक्काम केला.

सकाळी सात वाजता बाहेर आलो तर गवतावरचे दव गोठून मिठासारखे पसरले होते. गाडीची सीटही पांढरी. मी बटण दाबले. एकदा घुं, मग कट्-कट्-कट्, आणि समोरचे आकडे विझले. पुन्हा दाबले. पुन्हा तेच. वाई तीस किलोमीटर. घाटातून तासभर तरी हवा. ढकलून चालू करावी तर गल्ली चढाची, गाडी पावणेदोनशे किलोंहून जड. टॅक्सीला फोन लावला, कोणी उचलेना. इतक्यात हिचा फोन वाजला. “निघालात ना गं?” अण्णांचा आवाज मलाही ऐकू आला. “हो अण्णा, निघालोच,” ही म्हणाली, आणि फोन ठेवून माझ्याकडे वळली.

“त्या माणसाने काय सांगितलं होतं?”

“कोणत्या?”

“अहो, बॅटरीवाल्या. आधी दिवा लावा म्हणून. तुम्हीच घरी त्याची नक्कल करून दाखवली होती.”

चावी फिरवून दिवा लावला. पिवळट, मलूल उजेड कुंपणावर पडला. थंडीत या बॅटरीच्या आतला प्रवाह गोठल्यासारखा मंदावतो. पण दिव्याने थोडी वीज ओढली की ती आतूनच ऊबदार होते. पंचावन्न-साठ वॅटचा दिवा म्हणजे जेमतेम पाच अँपिअर. तेवढे तिला जागे करायला पुरते. हे सारे मी नंतर वाचले. त्या वेळी आम्ही दोघे नुसते कुंपणावरच्या उजेडाकडे पाहत उभे होतो. दोन मिनिटांनी तो किंचित पांढरा झाला असे हिला वाटले. मला वाटले नाही. बटण दाबले. इंजिन जडपणे एक फेरा फिरून थांबले. “थांबा, घाई नको,” ही म्हणाली. अर्धा मिनिट पुन्हा दिवा. मग दाबले, आणि गाडी खोकत का होईना पण चालू झाली. यजमानांच्या खिडकीतून कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

घाटात मी एकदाही गाडी बंद केली नाही. पाचगणीच्या चहाच्या टपऱ्या तशाच मागे टाकल्या. दवाखान्यात पोचलो तेव्हा नऊला दहा मिनिटे होती. अण्णा हिरवा झगा घालून बाकावर बसले होते, चपला पायात. म्हणजे बेत परतीचाच असावा. ही शेजारी जाऊन बसली, बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गालाला लावून पाहिली. “गार आहे अजून,” म्हणाले, आणि चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. अण्णांनी आधी लेकीकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग बराच वेळ माझ्याकडे.

“जावईबापू,” ते म्हणाले, “केस कधी हो पांढरे झाले तुमचे?”