मुरुडची खानावळ

आमच्या पोखर्णीहून समुद्र फार लांब. अम्मीनं तो पाहिलाच नव्हता, म्हणून तिला घेऊन चार दिवस मुरुडला राहिलो. सकाळी सुरूच्या सावलीत हमीद दलवाईंची ‘इंधन’ पुन्हा वाचली. १९६५ सालची कादंबरी. घरी वाचताना परकं वाटलेलं त्यातलं कोकणी गाव इथं शेजारचंच वाटलं.

रात्री घरगुती खानावळीत सुरमई आणि तांदळाची भाकरी. अम्मी दखनीत बोले, खानावळीतली खाला कोकणीत. दोघींना एकमेकींचं धड कळेना. शेवटी दोघी मराठीवर आल्या. मग ज्वारी, सुना, गुडघेदुखी, सगळंच निघालं. मी ऐकतच बसलो.

“अरे, मासा गार होतोय, खा की,” अम्मी म्हणाली. माझ्याशी ती मराठीत कधी बोललीच नव्हती.