अमेरिकेची मोटार आणि आमचें धर्मापुरी

अमेरिकन मोटारींच्या इतिहासाचे टप्पे मोजावयाचे झाल्यास विद्वान लेखक डेट्रॉइट शहरापासून आरंभ करतात. आम्ही ते बीड जिल्ह्यांतील धर्मापुरीच्या रस्त्यावर उभे राहून मोजूं इच्छितों. ज्या गांवीं चालुक्यकालीन कारागिरांनीं केदारेश्वराचें देऊळ शिल्पांनीं मढविलें, त्या गांवास परक्या कारागिरीची पारख करण्याचा थोडा तरी अधिकार असावा.

पहिला मान अर्थात् फोर्डसाहेबांचा. 1908 सालीं निघालेली त्यांची 'टी' मोटार उंच, दणकट आणि अमेरिकन शेतकऱ्याच्या खराब वाटा ध्यानांत घेऊन बनविलेली होती. आमच्या काळ्या जमिनीचा पावसाळी चिखल ज्यानें तुडविला आहे, त्यास या उंचीचें मर्म सांगावयास नको. आरंभीं तिची किंमत 850 डॉलर. 1913 त फोर्डनें सांगाडाच कामगारांपुढून सरकत नेण्याची युक्ति काढली, आणि साडेबारा तासांची जुळणी सुमारें दीड तासावर आली. किंमतही उतरत उतरत तीनशें डॉलरांच्या खालीं गेली. दरम्यान केटरिंग नांवाच्या अभियंत्यानें 1912 च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसवून हँडलच्या झटक्यानें मोडणारीं मनगटें वांचविलीं. (आमच्याकडील ड्रायव्हर पुढेंही कित्येक वर्षें हँडलच फिरवीत राहिले, हा भाग निराळा!)

हें सारें आपल्याकडे आलें तें मात्र खोक्यांतून. फोर्डनें 1926 त व जनरल मोटर्सनें 1928 त मुंबईस बस्तान बसविलें. परंतु आलेले सुटे भाग जुळवावयाचे, एवढेंच तेथें काम. आपल्या हातांस पान्याची ओळख झाली, इंजिन घडविण्याची झाली नाहीं. ही उणीव ज्यांना बोंचली त्यांत सोलापुरांत जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद अग्रगण्य होत. युद्धकाळांत इंग्रज सरकारनें त्यांच्या मोटार-कारखान्यास थारा दिला नाहीं. तरी 1944 त त्यांनीं प्रीमिअर कंपनी स्थापिली, आणि क्रायस्लरशीं करार करून 1947 त कुर्ल्याहून डॉज, प्लिमथ गाड्या बाहेर काढल्या. आरंभीं त्याही जुळणीच्याच; पण कारखाना आपला होता, आणि आमच्या मतें हा फरक लहान नव्हे. पुढें 1953 त येथें भाग बनविण्याची तयारी नसणाऱ्यांस नुसती जुळणी करूं द्यावयाची नाहीं, असें सरकारचें धोरण ठरलें, तेव्हां त्या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनीं आपला कारभार आवरता घेतला.

धर्मापुरी 1948 पर्यंत निजामी राज्यांत. निजाम सरकारनें 1932 त सुरू केलेल्या बसगाड्या स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या होत्या. आमच्या मनांत घर केलें तें जीपनें. महायुद्धाकरितां विलिस कंपनीनें बनविलेली ही गाडी 1947 पासून महिंद्रांनीं मुंबईंत जुळविली, आणि हळूहळू तिचे भागही येथेंच घडूं लागले. तिला ना डौल, ना धड गादी. पण साहेबांची जीप, निवडणुकीची जीप आणि पुढें माणसें कोंबकोंबून परळी-अंबाजोगाईस धांवणारी जीप, अशीं तिचीं किती रूपें! कुलस्वामिनी योगेश्वरीच्या दर्शनास जाणाऱ्या सुवासिनींनीं ओटीचें ताट सांवरीत तिच्यांत धक्के खाल्ले, आणि अडलेली बाळंतीण अपरात्रीं अंबाजोगाईच्या दवाखान्यांत पोंचली तीही तिच्यांतूनच. 'जीप' शब्दाला प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडींत आमच्या गांवीं कोणी पडलें नाहीं.

1991 नंतर दोन्ही अमेरिकन कंपन्या पुनः आल्या. जनरल मोटर्सनें तर पुण्याजवळ तळेगांवास कारखाना थाटला. 2017 त तिनें देशांतील विक्री थांबविली आणि 2020 अखेर तळेगांवचें उत्पादनही बंद पडलें. फोर्डनें 2021 त तोच मार्ग जाहीर केला. जीपच्या जुळणीवर हात बसविलेल्या महिंद्रांची बोलेरो मात्र आमच्या रस्त्यावर, टपावर गाठोडीं बांधून, आजही दिसते.